दहावीत भूमितीत कमी पडले तं नापास का?

आमच्या पोरीची यंदा दहावी हाय, बीजगणित बरं करते पन भूमितीचं नाव काढलं का रडते, ४० पैकी १० च पडले तं नापास होईन का? आम्ही दोघंबी दिवसभर कापूस वेचाले वावरात, घरी सांगनारं कोनी नाही.

— दादा, भूमिती येगळी नसते. बीजगणित ४०, भूमिती ४०, आन २० शाळेतले, मिळून १०० पैकी ३५ पाहिजे. वह्या, गृहपाठ पूर्ण करून घ्या तिच्याकडून, त्या २० कडं आपल्याकडं कोनी पाहतच नाही.

— आन टक्के बेस्ट ऑफ फाइव्हचे, सहातले चांगले पाच. मायं इंग्रजी कसंबसं ३६ वर निघालं, टक्क्यात आलंच नाही 😀 पन पास सगळ्यात व्हा लागते बरं.

— एकदोन विषय गेले तरी एटीकेटीवर अकरावी भेटते भाऊ, पुरवणी परीक्षा देता येते. सेंटर कुठं हाय? अकराचा पेपर, साडेदहाले हजर पाहिजे.

— १२ किलोमीटर. यष्टीचा भरोसा नाही, मोटरसायकलीवरच नेतो.