टोनला मराठीत काय म्हणायचं: स्वर, हेल की सूर?

न्यू गिनीतल्या भाषांवर मराठीत लिहायला घेतलंय आणि पहिल्याच पानावर अडलोय. टोन लँग्वेज, म्हणजे आवाजाची पट्टी बदलली की शब्दाचा अर्थच बदलतो अशी भाषा, तिच्यातल्या टोनला शब्द काय वापरू? 'स्वर' म्हणावं तर अ, आ, इ पण स्वरच, म्हणजे 'या भाषेत आठ स्वर आहेत' असं लिहिलं की वाचणारा सरळ अ-आ-इ मोजायला लागणार. 'हेल' हा शब्द मला फार आवडतो, पण मालवणी माणसाने कितीही हेल काढून 'पाणी' म्हटलं तरी ते पाणीच राहतं. हेल वाक्याचा असतो, गावाचा असतो, शब्दाचा अर्थ तो बदलत नाही.

आता इयाऊ भाषा बघा. न्यू गिनीच्या इंडोनेशियातल्या भागात लेक्स प्लेन म्हणून सखल दलदलीचा मुलुख आहे, तिथली. व्यंजनं जेमतेम सहा, म आणि न सुद्धा नाहीत, आणि टोन मात्र आठ! 'बे' वरच्या पट्टीत म्हटलं तर सासरा, मधल्या पट्टीत विस्तव, उंचावरून अजून चढवलं तर साप, खालून चढवत आणलं तर वाट. क्रियापदात तर अजून कमाल आहे, 'बा' उंच म्हणजे आला आणि मध्यम म्हणजे आलाय, आपण जे शब्दाला शेपूट जोडून सांगतो ते काम तिथे नुसती पट्टी करते.

प्रतिसाद: वेदपठणातले उदात्त-अनुदात्त, म्हणजे चढे-उतरे उच्चार, आहेत की आपल्याकडे, 'स्वराघात' घ्या ना. शिवाय या सगळ्या पापुअन भाषा एकाच कुळातल्या असतील तर एकच शब्द पुरेल.

धागाकर्ता: एक कूळ नाहीये ते. पापुअन म्हणजे त्या भागातल्या ऑस्ट्रोनेशियन नसलेल्या भाषा, एवढंच, आत कितीतरी वेगवेगळी कुळं आहेत.

स्वराघाताबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण खरी अडचण तिथेच आहे. वैदिक शब्दात सहसा एकच उदात्त असतो, तो कुठे पडला एवढं कळलं की बाकीच्या अक्षरांचं आपोआप ठरतं. भाषाशास्त्रज्ञ मार्क डोनह्यू यांनी 1997 मध्ये न्यू गिनीच्या टोनची मांडणी केली त्यात असा एक गट आहेच, पण अजून दोन आहेत. एकात प्रत्येक अक्षराला स्वतःचा टोन, इयाऊ त्यातली. दुसऱ्यात अख्ख्या शब्दाला मिळून एक चाल, उदा. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातली दुना, तिथे अशा चार चाली आहेत आणि शब्द एका अक्षराचा असो की तीन, चाल तीच राहते, फक्त अक्षरांवर पसरते. एकाच चालीत दोन ओव्या म्हणतो ना आपण, एकीत अक्षरं कमी, दुसरीत जास्त, तसंच काहीसं.

आणि दुसरे भाषाशास्त्रज्ञ लॅरी हायमन यांनी तर 2009 मध्ये असं मांडलं की पिच-ॲक्सेंट, म्हणजे तुम्ही म्हणता तो स्वराघात, हा वेगळा प्रकारच धरू नये, काही गुण टोनचे, काही आघाताचे उचलून ती पिशवी भरलेली आहे, त्यापेक्षा प्रत्येक भाषेत एकेक गुण आहे की नाही ते तपासा. मला हे मनापासून पटतं. पूर्वेकडच्या डोंगरातल्या उसारुफासारख्या भाषेत मुलं टोक पिसिन ही पापुआ न्यू गिनीची सामाईक व्यवहारभाषा बोलत मोठी होतायत, तपासायला बोलणारी माणसंच किती दिवस मिळतील? अशा वेळी घाईने स्वराघात अशी चिठ्ठी चिकटवली की पुढच्या अक्षराची पट्टी स्वतंत्र आहे का हे कोणी विचारतच नाही. त्यात लिपी बसवताना बऱ्याच ठिकाणी टोनची खूणच करत नाहीत. बोलणारे गेले की कागदावर नुसतं 'बे' उरणार, सासरा का साप का वाट, कोण सांगणार?

प्रतिसाद: हे वाचून स्वराघात मागे घेतो. मग 'सूर' का नको? सूर चढा लागला, सूर बदलला, आपण बोलण्याबद्दलही म्हणतोच.

धागाकर्ता: हो, पण 'त्याचा सूर नाराजीचा होता' हा अर्थ पण मागे येतो, म्हणून बिचकत होतो. जोडशब्दात मात्र ती भीती नाही. मग इयाऊसाठी अक्षरसूर, दुनासाठी शब्दसूर असं लिहितो, आणि स्वराघात वैदिकपुरता ठेवतो.