ऊब उन्हाची नाही, दाण्याची

ताई, फडक्यात बांधलेली मोडाची मटकी गरम लागते ती सोलापूरच्या उन्हाळ्यामुळे, असं तुम्ही म्हणता. ऊन हातभार लावतं, पण ऊब मुख्यतः श्वसनाची. कोरड्या दाण्याचं श्वसन अगदी नाममात्र असतं. पाणी शोषलं की काही तासांतच ते झपाट्याने वाढतं. साठवलेल्या स्टार्चची साखर होते, ऑक्सिजन खर्ची पडतो आणि बरीचशी ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर पडते. मुलांना दाखवायचं तर एका थर्मासात मोडाची, दुसऱ्यात उकळून गार केलेली मटकी ठेवा, तोंडाशी कापूस आणि थर्मामीटर. दोन्ही आधी जंतुनाशकात बुडवाच, नाहीतर जिवाणूंमुळे उकळलेलीही तापते! काळ्या रानात पेरल्यावर पाणी तुंबलं की ज्वारी कुजते, तेही ऑक्सिजन तुटल्यानेच.