गाडीतला दिवा लागत नाही, किंवा विझत नाही: तुमचे अनुभव सांगा

पार्किंग नाही
मुलुंडला राहतो, आठ वर्षं जुनी हॅचबॅक आहे. महिनाभर झाला, ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की छतातला दिवा लागत नाही. बाकी तिन्ही दरवाजांना लागतो. एका हातात गळकी छत्री आणि दुसऱ्या हाताने अंधारात चाचपडणं रोजचं झालंय. गॅरेजवाला म्हणतो छतातला पूर्ण सेट बदला, अठराशे रुपये. मला पटत नाही, पण का पटत नाही ते सांगताही येत नाही. तुमचा दिवा लागत नसेल, विझत नसेल किंवा मनाला येईल तेव्हा लागत असेल, तर लिहा. शेवटी काय निघालं तेही लिहा, नाहीतर लोक अर्ध्यावर सोडून जातात.

चौथा गिअर
आधी माझी फजिती. दिवा बंद म्हणून अख्खी सकाळ चेंबूरच्या एका गॅरेजमध्ये घालवली. तिथल्या पोऱ्याने हात वर करून दिव्यावरचं बटण सरकवलं आणि चहाला निघून गेला. त्या बटणाला तीन जागा असतात: कायम चालू, कायम बंद आणि दरवाजाबरोबर. लेकीने ते 'बंद'वर नेऊन ठेवलं होतं. पोऱ्याने पैसेही घेतले नाहीत, तेच जास्त लागलं.

टॅक्सीवाल्याचा मुलगा
पार्किंग, तुम्हाला पटलं नाही ते बरोबरच आहे. तीन दरवाजांना लागतो ना? मग बल्ब, फ्यूज आणि छतापर्यंतची वायर, सगळं धडधाकट आहे. अठराशेचा सेट कशाला? साध्या वायरिंगमध्ये दिव्याला प्लस कायम मिळत असतो, दरवाजाचा स्विच फक्त अर्थ देतो, म्हणजे गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या मायनसला जाणारी वाट. दरवाजाच्या चौकटीच्या खांबावर रबराची टोपी घातलेलं बटण दिसेल, तोच स्विच. ते एका स्क्रूवर बसतं, आणि बऱ्याच गाड्यांत अर्थ त्या स्क्रूतूनच बॉडीला जातो. स्क्रू गंजला की दिवा गेला. ड्रायव्हरचा दरवाजा उघडतोही सगळ्यात जास्त आणि पावसात भिजतोही सगळ्यात जास्त.

स्क्रू काढा, बटण बाहेर ओढा, मागची वायर सोडवून तिचं टोक बॉडीच्या उघड्या पत्र्याला टेकवा. दिवा लागला तर वायर चांगली, स्विच किंवा त्याचा अर्थ खराब. स्क्रूचं भोक पॉलिश पेपरने घासा. पण वायर सोडवण्याआधी तिला टेप लावून खांबाला चिकटवून ठेवा. का ते विचारू नका.

हे सगळं वडिलांकडून आलं. त्यांची काळी-पिवळी पद्मिनी होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली, 20 वर्षांची मुदत भरल्यावर 2023 मध्ये तीही रस्त्यावरून उतरली. आमची त्याच्या बरीच आधी गेली. वडिलांच्या डिकीत करंट तपासायचा एक डबा असायचा: होल्डरमध्ये 12 व्होल्टचा बल्ब, दोन वायरी, एकीला चिमटा. दिवा मंद जळायला लागला की ते नवीन बल्ब आणत नसत, आधी अर्थ घासत. पन्नासातल्या पंचेचाळीस वेळा, असं ते म्हणायचे. मोजलं कोणी नव्हतं.

कटिंग
बऱ्याच नव्या गाड्यांत खांबावर बटण शोधू नका, स्विच दरवाजाच्या लॉकमध्येच असतो. आमच्या गाडीत दरवाजा उघडा असून मीटरवर तो बंद दिसायचा, त्यावरूनच कळलं. लॉकमध्ये स्प्रे मारून दरवाजा दहा-बारा वेळा आपटला, अडकलेला स्विच सुटला.

हिंदमाता पार
26 जुलै 2005. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस, आमची गाडी कलिन्यात दारापर्यंत पाण्यात. इंजिन साफ झालं, सीटा वाळल्या. तीन आठवड्यांनी दिवा आपोआप लागायला लागला, तोही डावं वळण घेतलं की! बायको म्हणाली, गाडी झपाटलीय. गालिचा उचलला तर खाली वायरींच्या जोडणीत हिरवी पूड. वळणावर खालचं साचलेलं पाणी तिकडे सरकायचं. जोडणी बदलली आणि भूत गेलं, वास मात्र दिवाळीपर्यंत राहिला.

सोसायटी सेक्रेटरी
माझा दिवा विझतच नव्हता. ऑपेरा हाऊसकडून एलईडी घेतला (आधी चुकून 36 मिलिमीटरचा, मग 31 चा, जुना बल्ब सोबत न्या). एलईडी उलटाही बसतो. लागला नाही तर फिरवून बघा. पण रात्री वॉचमन इंटरकॉमवर: "साहेब, गाडीत काहीतरी चमकतंय." खरंच, काजव्याएवढा उजेड. गाडीच्या कंट्रोल युनिटमधून नगण्य करंट गळत असतो, तारेच्या बल्बला तो पुरत नाही, एलईडीला पुरतो. जुना बल्ब परत लावला आणि प्रश्न संपला.

डिकीत काय आहे
छतातल्या दिव्यावर सगळे लिहितायत, डिकीतला कोणी बघत नाही. गणपतीला कोकणात गेलो, पाच दिवसांनी आलो तर बॅटरी ठार. नवी घातली, पुढच्या महिन्यात तीही ठार. डिकी बंद केल्यावर आतला दिवा विझतो की नाही हे कळणार कसं? भाच्याने फोनवर व्हिडिओ चालू करून आत ठेवला आणि डिकी लावली. उघडून बघितलं तर व्हिडिओत भर उजेडात माझी चटई आणि स्टेपनी. 5 वॅटचा बल्ब म्हणजे साधारण 0.4 अँपिअर, दिवसाला 10 अँपिअर-तास. 35 ची बॅटरी साडेतीन दिवसांत रिकामी होणारच. दोन बॅटऱ्यांचे पैसे डिकीचा स्विच दाबणाऱ्या एका वाकलेल्या पत्तीत गेले.

चौथा गिअर
आतला दिवा, घड्याळ आणि रेडिओ एकदमच मेले तर फ्यूज बघा, बऱ्याच गाड्यांत तिघांचा एकच असतो. लाल म्हणजे 10 अँपिअर, पिवळा 20. लालच्या जागी पिवळा घालू नका. जळायचा तो फ्यूज, वायर नव्हे.

पार्किंग नाही
झालं! स्क्रू गंजून काळा पडला होता, पत्र्याला वायर टेकवली तर लखकन उजेड. टेपचा सल्ला मी वाचला होता. लावला मात्र नाही. पॉलिश पेपर उचलायला वळलो आणि वायर खांबात आत गेली. का विचारू नका ते कळलं. अर्धा तास आईच्या क्रोशाच्या सुईने खांबात मासेमारी केली, तेव्हा सापडली. नवा स्विच लावला, भोक घासलं, दिवा लागतोय. आई दुपारपासून सुई शोधतेय.