इको रेझिनच्या वस्तूंचा रंग वाळल्यावर फिका का पडतो?

प्रश्न

सिलिकॉनच्या साच्यांत इको रेझिन (पाण्यात कालवून साच्यात घट्ट होणारी पावडर) ओतून मी मोर, हत्ती, कमळ अशा छोट्या शोभेच्या वस्तू करते. पावसाळा सुरू झाल्यापासून ओतताना गडद दिसणारा मोरपिशी रंग वाळल्यावर फिका पडतो आणि त्यावर जागोजागी पांढुरकी झाक येते. शिवाय मोराच्या तुऱ्याच्या टोकाशी बारीक छिद्रे राहतात. पावडर व पाणी मी वाटीने मोजते आणि रंगासाठी पोस्टर कलर वापरते. यंदा विसर्जनाची घरची गणेशमूर्तीही याच मिश्रणाची करावी, असा विचार आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

पाण्यात कालवायची ही पावडर सहसा जिप्सम या खनिजापासून केलेली असते, त्यामुळे तिचे वागणे इपॉक्सीसारखे (हार्डनर हे दुसरे रसायन मिसळून घट्ट होणाऱ्या द्रवरूप रेझिनसारखे) नसून प्लॅस्टरसारखे असते. पावडर पाण्याशी संयोग पावून घट्ट होते (त्या वेळी साचा हाताला कोमट लागतो), पण या क्रियेला लागते त्याहून बरेच अधिक पाणी आपण ओतण्याच्या सोयीसाठी घालतो. ते पाणी उडून गेले की आत सूक्ष्म पोकळ्या उरतात, त्यांतून प्रकाश विखुरतो आणि रंग फिका दिसतो. पावसाळी हवेत वाळणे रेंगाळते आणि पाण्यासोबत पृष्ठभागावर आलेले क्षार तिथेच साठतात. आपल्याला दिसणारी पांढुरकी झाक बहुधा तीच असावी.

म्हणून वाटीचे माप सोडून डिजिटल काट्यावर वजन करावे आणि पाकिटावरचे प्रमाण काटेकोरपणे पाळावे. पोस्टर कलरमध्ये रंगद्रव्यासोबत पांढरी भर बरीच असते, त्यामुळे पाण्यात मिसळणारी पिगमेंट पेस्ट घ्यावी, ती आधी पाण्यात एकजीव करावी आणि मगच पावडर चाळून घालावी. पेस्टचे प्रमाण मिश्रणाच्या वजनाच्या साधारण २ टक्क्यांपलीकडे नेऊ नये, अन्यथा वस्तू ठिसूळ होते.

प्रतिसाद २

छिद्रांविषयी सांगतो. सिलिकॉनवर पाणी पसरत नाही, त्यामुळे अरुंद जागी हवेचे बुडबुडे चिकटून राहतात. भांडी घासायच्या साबणाचे अगदी पातळ पाणी साच्यात फवारून साचा सुकू द्यावा. नंतर थोडे मिश्रण मऊ कुंचल्याने तुऱ्याच्या टोकापर्यंत पोचवावे, उरलेले एका कोपऱ्यातून बारीक धारेने ओतावे आणि साचा टेबलावर हलकेच आपटत राहावा. तुऱ्यासारखा नाजूक भाग असेल तर साच्यातून काढण्याची घाई करू नये. पाकिटावर अर्धा तास लिहिला असला तरी तासभर थांबलेले बरे.

काढलेली वस्तू जाळीवर, पंख्याखाली, सर्व बाजूंनी हवा लागेल अशी ठेवावी. ती पूर्ण कोरडी झाल्यावरच अ‍ॅक्रिलिक सीलरचे (पृष्ठभाग बंद करणाऱ्या लेपाचे) दोन पातळ हात द्यावेत. त्याने पोकळ्या भरून रंगाची गडद छटा बरीचशी परत येते. मात्र ओलाव्यावर सीलर लावल्यास आतला दमटपणा कोंडून डाग पडतात.

प्रतिसाद ३

गणेशमूर्तीचा विचार मात्र आपण सोडून द्यावा, असे मला मनापासून वाटते. इपॉक्सीच्या हार्डनरचा वास आणि त्वचेला होणारी ॲलर्जी टळते, या अर्थाने हा पदार्थ सौम्य आहे, परंतु तो पाण्यात विरघळणारा नव्हे. जिप्सम १ लिटर पाण्यात जेमतेम २ ते २.५ ग्रॅम विरघळते, म्हणजे बादलीत विसर्जित केलेली मूर्ती आठवड्यानंतरही बहुतांशी तशीच राहील. प्लॅस्टर ऑफ पॅरिस हेही मुळात जिप्समच आहे, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत मूर्तींसाठी त्याऐवजी नैसर्गिक मातीचा आग्रह धरलेला आहे. विसर्जनाची मूर्ती शाडूचीच करावी. मखराभोवतीची कमळे आणि मोर इको रेझिनचे करायला काहीच हरकत नाही, कारण ते पुसून पुढच्या वर्षी पुन्हा मांडता येतात.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. मूर्ती शाडूचीच करेन. ओतून उरलेले मिश्रण बेसिनमध्ये धुतले तर चालते का?

प्रतिसाद २

अजिबात नाही, ते नळीत घट्ट बसते. सिलिकॉनच्या वाडग्यातच मिश्रण कालवावे. उरलेले त्यात घट्ट झाले की वाडगा दुमडताच सुटून येते आणि कोरड्या कचऱ्यात टाकता येते. पावडर चाळताना नाकातोंडावर मास्क असू द्यावा.