मदत हवी आहे: बुद्धिबळाचे व्हिडिओ बघताना सगळं कळतं, डावात मात्र सुचत नाही

नमस्कार मंडळी,

मी कराडला राहते, वय ४४, शाळेत गणित शिकवते. जुलै २०२५मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीला कोनेरू हंपीविरुद्ध टायब्रेक जिंकून महिला विश्वचषक घेतला, तो सामना माझ्या ११ वर्षांच्या मुलीने आणि मी मोबाईलवर शेवटपर्यंत पाहिला. तेव्हापासून लेक क्लासला जाते. क्लासच्या वेळेत माझी शाळा असते, म्हणून मी रात्री व्हिडिओंवरून शिकते. मला स्पर्धा खेळायच्या नाहीत. पण ती हरून आली की काही बोलत नाही, नुसती स्कोअरशीट (चाली लिहिलेला कागद) माझ्यापुढे ठेवते. कुठे चुकलं ते मला दाखवता आलं पाहिजे, एवढ्यासाठी सगळं चाललंय.

अगदीच कोरी नाही मी. लहानपणी वडिलांशी देशी पद्धतीने खेळायचे. प्यादं एकेकच घर चालायचं, शह बसायच्या आधी राजाला एकदा घोड्याची चाल मिळायची, आणि प्यादमात करणाऱ्याचं कौतुक दिवसभर व्हायचं.

रोज रात्री पाऊण तास बघते. अमेरिकेतल्या सेंट लुईस बुद्धिबळ क्लबची व्याख्यानं (यासर सेरावान फार आवडतात, गोष्ट सांगितल्यासारखं शिकवतात), जॉन बार्थोलोम्यू यांची मूलभूत गोष्टींची मालिका, डॅनियल नारोडित्स्की यांचे स्पीडरन. बघताना प्रत्येक चाल पटते. पण लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर माझं रॅपिड (जलद डावांचं) रेटिंग तीन महिने ११५०च्या आसपास अडकलंय.

परवाचंच सांगते. काळी सोंगटी माझी, इटालियन सुरुवात, समोरच्याने चौथ्या चालीला घोडा जी५ या घरावर आणला. यावरचा व्हिडिओ मी दोनदा पाहिलाय. डी५ खेळले, त्याने प्याद्याने मारलं. इथे माझा सी६चा घोडा ए५वर न्यायचा, हे मला पाठ होतं. तरी दुसऱ्या घोड्याने डी५चं प्यादं मारून बसले. त्याने घोडा एफ७वर दिला, मी राजाने मारला, वजीर एफ३वर येऊन शह. माझा राजा पटाच्या मधोमध आला आणि १९व्या चालीला मात.

पाठ असलेली गोष्ट हातून का होत नाही? बघण्यातच काही चुकतंय का? आधी ओपनिंग (डावाची सुरुवात) बघावं की एंडगेम (डावाचा शेवट)? इंग्रजी समजतं, पण ही मंडळी बाण काढत भराभर पुढे जातात तेव्हा धागा सुटतो. मनापासून विचारते आहे, अनुभवींनी सांगावं.

प्रतिसाद १

ताई, मी सांगलीचा, ३० वर्षं स्पर्धा खेळलो, आता मुलांना शिकवतो. तुमचं बघणं कमी नाही, जास्त होतंय. पाऊण तासात तुम्ही दोन-तीन व्हिडिओ संपवत असणार. २० मिनिटांच्या एका व्हिडिओला सव्वा तास लागला पाहिजे.

खरा पट समोर मांडा, मोबाईल बाजूला ठेवा. शिकवणारा थांबून विचार करायला लागला की व्हिडिओ बंद करा. स्वतःची चाल ठरवा आणि कारणासकट वहीत लिहा. 'घोडा ए५' एवढं लिहून भागणार नाही, 'उंटावर हल्ला, त्याला हलावंच लागेल' असं लिहा. मगच पुढे चालू करा. त्याची चाल वेगळी निघाली तर का वेगळी, ते शोधा. नारोडित्स्कींचे स्पीडरन यासाठीच सोन्यासारखे आहेत. नवशिक्या प्रतिस्पर्ध्यांपासून सुरुवात करून वर जाताना ते चालीमागचा विचार मोठ्याने बोलत राहतात, डाव संपल्यावर पुन्हा मागे जाऊन दाखवतात. ऑक्टोबर २०२५मध्ये अवघ्या २९व्या वर्षी ते गेले. माझ्या विद्यार्थ्यांना तो दिवस फार जड गेला.

तुमच्या डावाचं म्हणाल तर चाल पाठ होती, कारण पाठ नव्हतं. घोड्याने डी५ला मारलं की वजिराचा शह बसतो आणि डी५च्या घोड्यावरही डोळा. तो घोडा राखायला राजाला ई६वर चढावं लागतं, म्हणजे राजा मैदानात. त्याऐवजी सी६चा घोडा ए५वर नेल्यावर काळ्याचं एक प्यादं जातं, पण मोहरी भराभर बाहेर येतात. हे एकदा स्वतः पटावर करून बघितलंत की विसरणार नाही.

आणखी एक. वडिलांनी तुम्हाला 'जोर', म्हणजे एका मोहऱ्याला दुसऱ्याचा आधार, शिकवला असेलच. बार्थोलोम्यूंच्या त्या मालिकेचा पहिला भाग बिनजोर मोहऱ्यांवरच आहे, म्हणजे तुमच्या घरचीच विद्या. प्रत्येक चालीआधी आपलं आणि त्याचं कुठलं मोहरं बिनजोर आहे, एवढं बघायची सवय लावा.

प्रतिसाद २

वरच्या दादांशी सहमत. फक्त ओपनिंगचे व्हिडिओ सहा महिने बंदच करा, असं मी म्हणेन. मी ३८व्या वर्षी सुरुवात केली आणि सिसिलियन या एका ओपनिंगमागे एक वर्ष घालवलं. समोरचा पाचव्याच चालीला वेगळं खेळतो आणि सगळं पाणी.

त्याऐवजी हत्तीचे एंडगेम बघा. त्यातला फिलिडोर नावाचा बचाव एका रात्रीत येतो. समोरच्याकडे एक प्यादं जास्त आहे, तुमचा राजा त्याच्या वाटेत उभा आहे. तुमचा हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या ओळीत धरून ठेवायचा, त्याच्या राजाला तिथे शिरू द्यायचं नाही. प्यादं त्या ओळीत आलं की हत्ती पटाच्या पार दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचे. प्यादं पुढे गेल्यामुळे त्याच्या राजाला आडोसा उरत नाही, डाव बरोबरीत. यात पाठ करायला काही नाही, समजायचं आहे, आणि लेकीला शिकवता येईल असं आहे.

वेगाचं म्हणाल तर पाऊणपट गती लावा, सबटायटल चालू ठेवा. मी तसंच करते.

धागाकर्ती

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, दोघांचेही खूप आभार. आता आठवड्याला तीनच व्हिडिओ बघते. पहिल्या रात्री २२ मिनिटांच्या व्हिडिओला दीड तास लागला आणि १४ ठिकाणी थांबले. त्यातल्या पाचच ठिकाणी माझी चाल जुळली, आणि त्या पाचपैकी दोन ठिकाणी कारण चुकलेलं होतं. आधी मला सगळंच पटत होतं, कारण मी स्वतः काही ठरवतच नव्हते. शाळेत मुलं फळ्यावरचं गणित बघून माना डोलावतात आणि पेपरात अडतात, तेव्हा मी त्यांना हेच सांगते. इथे माझ्या लक्षात आलं नाही.

मग हरलेले शेवटचे दहा डाव काढले. सातांमध्ये बिनजोर मोहरं फुकट गेलंय, ओपनिंगमुळे एकच हरले. वडील असते तर त्यांना फोन केला असता.

रविवारी लेक स्पर्धेतून आली, पाचपैकी दोन गुण. पहिल्यांदाच मी पट मांडला आणि तिच्या डावातल्या २३व्या चालीशी थांबून विचारलं, 'इथे तुझ्या उंटाला जोर कोणाचा होता?' ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, 'कोणाचाच नाही गं आई.' पुढचा अर्धा तास आम्ही दोघी तिथेच बसलो होतो.

आता एक विचारायचं आहे. तिचे डाव बघताना इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्रॅम) कधी लावावं? ती लगेच मोबाईल मागते.

प्रतिसाद १

सगळ्यात शेवटी, ताई. आधी तिला तिच्या शब्दांत सांगू दे, कुठे भीती वाटली, कुठे चाल सुचली नाही. ते स्कोअरशीटच्या कडेला पेन्सिलने लिहून ठेवा. मग तुमचं मत सांगा. दुसऱ्या दिवशी इंजिन लावा, आणि फक्त तुम्हा दोघींचं जिथे जमलं नाही त्याच चालींवर.