मदत हवी आहे : संचालक मंडळापुढे व्हीएफडीचा प्रस्ताव कसा मांडावा?

नमस्कार. सांगली जिल्ह्यातील एका सहकारी साखर कारखान्याच्या संचालकांपुढे मला बॉयलरचा धूर ओढणाऱ्या आयडी फॅनला व्हीएफडी (मोटरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारे उपकरण) बसवण्याचा प्रस्ताव मांडायचा आहे. सध्या मोटर पूर्ण वेगाने फिरते आणि डँपर (धुराच्या वाटेतली झडप) अर्धवट मिटून ओढ आवरली जाते, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर दाबून ठेवून ब्रेकवर गाडी चालवण्याचाच प्रकार. पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे वेग ८० टक्क्यांवर आणल्यास ती तत्त्वतः सुमारे ५१ टक्क्यांवर येते. परंतु याचा आलेख पडद्यावर आला की ऊस उत्पादक संचालकांचे लक्ष उडते (रुपयांच्या हिशेबात मात्र ते कुणाला ऐकणारे नाहीत). आलेख गाळून थेट गळीत हंगामातील बचतीपासूनच सुरुवात करावी का? शिवाय, "ओढ कमी पडून वाफेचा दाब घसरला तर?" या हमखास येणाऱ्या प्रश्नाला कितपत तांत्रिक उत्तर द्यावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.