मदत हवी आहे: मुलांना आलेखात घाट दिसतो!

नमस्कार मंडळी. इंदूरला घरी आठवीच्या सहा हिंदी माध्यमाच्या मुलांची शिकवणी घेते. स्तंभालेख, वृत्तालेख चटकन वाचतात. गाडी अडते अंतर-वेळ आलेखाशी. रेघ वर गेली की, "दीदी, बस घाट चढ़ रही है!" आडवी रेघ म्हणजे सपाट रस्ता. बस थांबलीय, हे पटतच नाही.

इंदूर-उज्जैन साधारण ५५ किमी, तो प्रवास तक्त्यात लिहून बिंदू मांडून घेतले. गच्चीवर चालवून दर ५ सेकंदांनी खडूच्या खुणाही केल्या. स्वतः काढलेला आलेख बरोबर वाचतात, पुस्तकातला आला की पुन्हा घाट! वेगाचं सूत्र पाठ आहे (तेवढंच पाठ आहे), ते नको. आठवड्याला दोनच तास, संगणक नाही.

तयार आलेख दिसताच चित्राऐवजी आधी अक्षांकडे बघतील, असा पहिला प्रश्न कोणता विचारू?